बुडबुड्यांचे गणित

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २३ मे २०२४ रोजी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यातही असाच भीषण स्फोट झाला होता. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर 'रिअॅक्टर' हा शब्द येतो, चौकशीची मागणी होते, कारखाने वस्तीबाहेर हलविण्याची घोषणा होते आणि शब्द पुन्हा आतल्या पानावर जातो. परंतु रिअॅक्टर म्हणजे नेमके काय, त्याच्या आत काय चालते आणि ते आधीच ठाऊक करून घेण्याची काही विद्या आहे काय, हे वाचकाला क्वचितच कोणी सांगते.

ती विद्या आहे. रासायनिक अभियांत्रिकीत तिला प्रक्रियांचे गणिती प्रारूप तयार करणे असे म्हणतात आणि तिचे भारतातील एक महत्त्वाचे केंद्र डोंबिवलीपासून लोकलने तासाभराच्या अंतरावर, माटुंग्याला आहे. पूर्वीची यूडीसीटी, म्हणजे आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, ही ती संस्था. तेथे विद्यार्थी म्हणून आलेल्या आणि पुढे तेथेच प्राध्यापक आणि संचालक झालेल्या प्रा. ज्येष्ठराज भालचंद्र जोशी यांच्या कारकिर्दीचा आलेख पाहिला, की ही विद्या कशी घडते, कोठे उपयोगी पडते आणि कोठे अडखळते, याची बरीचशी कल्पना येते.

प्रयोगशाळेतून कारखान्यात

रासायनिक कारखान्यातला रिअॅक्टर म्हणजे, ढोबळमानाने सांगायचे तर, एक मोठे बंद पातेले. आत द्रव, वर ढवळण्याची रवी, भोवती थंड पाणी खेळविण्यासाठी दुहेरी भिंत. कामगार तिला जॅकेट म्हणतात. काही रिअॅक्टरांत रवी नसते. उंच नळकांड्याच्या तळातून वायू सोडला जातो आणि त्याचे बुडबुडे वर जाता जाता द्रवाशी अभिक्रिया करतात. यास बबल कॉलम म्हणतात. पॉलिएस्टरसाठी लागणारे टेरेफ्थॅलिक आम्ल द्रवात हवा फुंकूनच तयार होते. पेनिसिलिन तयार करणाऱ्या बुरशीला हवा अशीच पुरवावी लागते. औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांतही हेच चालते. तेथे हवा खाणारे जिवाणू असतात, एवढाच फरक.

आता कल्पना करा, की एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने १५ सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या नळकांड्यात एक उत्तम अभिक्रिया जमवून आणली आहे. उत्पादन चांगले मिळते, तापमान ताब्यात राहते. मालक म्हणतो, हेच आता तीन मीटर व्यासाच्या पात्रात करा. व्यास वीसपट झाला. सामान्य माणसाला वाटेल, सारेच वीसपट होईल. नेमके येथेच फसगत होते.

अभिक्रियेतून निर्माण होणारी उष्णता द्रवाच्या घनफळावर अवलंबून असते, तर ती बाहेर काढणारी भिंत हे क्षेत्रफळ असते. पात्र मोठे होत जाते तसे दर लिटर द्रवाच्या वाट्याला येणारे भिंतीचे क्षेत्रफळ घटत जाते. व्यास वीसपट झाला तर ते विसाव्या हिश्श्यावर येते. प्रयोगशाळेत जी अभिक्रिया बाहेरच्या थंड पाण्याने सहज ताब्यात राहिली, तीच मोठ्या पात्रात स्वतःच्याच उष्णतेने तापू लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की वेग वाढतो. या दुष्टचक्राला अभियंते 'पळून गेलेली अभिक्रिया' म्हणतात.

ढवळण्याचेही तसेच. रवीला दर लिटरमागे पूर्वीइतकीच वीज दिली, तरी पात्राची लांबी, रुंदी, उंची दहापट झाल्यावर सारे एकजीव व्हायला सुमारे साडेचारपट वेळ लागतो. काचेच्या भांड्यात पाच सेकंदांत मिसळणारे रसायन तेथे वीस-पंचवीस सेकंद घेते. अभिक्रिया दोन सेकंदांत उरकणारी असेल तर एका कोपऱ्यात ती जळून जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुरूही झालेली नसते. रसायनशास्त्र तेच, द्रव तेच, परंतु पात्र वेगळे आणि म्हणून निष्पत्ती वेगळी.

यावर जुन्या काळचा उपाय म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी मोठे होणे. आधी १५ सेंटिमीटर, मग ३०, मग ६०, मग एक मीटर. प्रत्येक पायरीला पैसा, वेळ आणि धोका. शिवाय प्रत्येक पायरीवर काय बदलले हे कळते, का बदलले हे कळत नाही. प्रारूप म्हणजे या 'का'चे उत्तर. पात्रातल्या प्रवाहाचे, उष्णतेचे आणि अभिक्रियेचे नियम समीकरणांत मांडायचे आणि पात्र बांधण्यापूर्वीच ती सोडवून पाहायची.

केंब्रिज ते माटुंगा

या परंपरेचा एक उगम केंब्रिजमध्ये आहे. तेथील प्रा. पीटर डँकवर्ट्‌स हे गृहस्थ विलक्षणच होते. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनवर पडलेल्या, न फुटलेल्या सुरुंगांची फ्यूज काढण्याचे काम त्यांनी केले आणि त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. युद्धानंतर ते रासायनिक अभियांत्रिकीकडे वळले. वायू द्रवात कसा विरघळतो, यासंबंधीची त्यांची १९५१ ची मांडणी आणि पात्रात शिरलेला द्रवाचा प्रत्येक कण आत किती वेळ रेंगाळतो, याचा हिशेब करणारा १९५३ चा निबंध ही आजही या विषयाची पायाभूत पाने मानली जातात.

त्यांच्याकडे डॉक्टरेट करून मन मोहन शर्मा हे जोधपूरचे तरुण अभियंते १९६४ मध्ये मुंबईला परतले आणि वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी यूडीसीटीत प्राध्यापक झाले. पुढे १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले.  शर्मा यांनी माटुंग्यात जी शिस्त लावली तिची दोन अंगे होती. एक, मूलभूत प्रश्न सोडू नका. दोन, कारखान्याचे दार ठोठावायला लाजू नका. या दोहोंत विरोध आहे असे समजणाऱ्या विद्यापीठांची आपल्याकडे वाण नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवायचे.

शर्मा यांच्या प्रयोगशाळेचे एक काम सांगण्यासारखे आहे. बबल कॉलममध्ये अभिक्रिया घडते ती बुडबुड्याच्या पृष्ठभागावर. म्हणजे एकूण पृष्ठभाग किती, हे कळल्याशिवाय पुढचा हिशेबच अडतो. पण लक्षावधी बुडबुडे, तेही सतत फुटणारे आणि जुळणारे, मोजणार कसे? त्यावरची युक्ती अशी, की ज्या अभिक्रियेचा वेग पक्का ठाऊक आहे ती त्या पात्रात घडवून आणायची, वायू किती शोषला गेला ते मोजायचे आणि उलट गणित करून पृष्ठभाग काढायचा. रसायनाकडूनच मोजपट्टीचे काम करून घेण्यासारखे हे आहे. आकडा ऐकला की थक्क व्हायला होते. एक घनमीटर मिश्रणात पाचवा हिस्सा वायू असेल आणि बुडबुडे चार मिलिमीटरचे असतील, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ३०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार चौरस फूट भरतो. बुडबुडे दुप्पट मोठे झाले की तो निम्मा. बुडबुड्याच्या आकारातला चार मिलिमीटरचा फरक कारखान्याचे उत्पादन अर्ध्यावर आणू शकतो.

या प्रयोगशाळेत जोशी दाखल झाले. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मसूर गावी १९४९ मध्ये जन्मलेल्या जोशी यांनी १९७१ मध्ये यूडीसीटीतून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेथेच अध्यापन सुरू केले. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची डॉक्टरेट १९७७ मध्ये पूर्ण झाली. त्या काळी हुशार रासायनिक अभियंत्याचा रस्ता सांताक्रूझ विमानतळाकडे जात असे. जोशी यांनी डॉक्टरेटसाठीही माटुंगा सोडले नाही. विषयाचे मूळ केंब्रिजला असले, तरी त्याची पुढची फांदी येथे फुटली ती अशी.

एका नळकांड्यातली चक्रे

शर्मा आणि जोशी यांचा १९७९ मध्ये ब्रिटनच्या रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध हा या कारकिर्दीचा पहिला मोठा टप्पा. विषय होता, बबल कॉलममध्ये द्रव कसा फिरतो. थोडे थांबून समजून घ्यावे असे हे प्रकरण आहे.

तळातून सोडलेला वायू द्रवाला ऊर्जा देतो. बुडबुडा वर चढतो तेव्हा त्याच्या मागे भोवरे उठतात आणि त्यात काही ऊर्जा खर्च होते. उरलेली ऊर्जा कोठे जाते? ती द्रवाला फिरवते. मध्यभागी बुडबुड्यांची गर्दी जास्त, म्हणून तेथले मिश्रण हलके. ते वर उसळते आणि कडेने, भिंतीलगत, खाली उतरते. चुलीवरच्या पातेल्यात डाळ उकळताना मध्यभागी वर येते आणि कडेला खाली जाते, तसेच. (उपमा पूर्ण अचूक नाही. पातेल्यात उष्णतेने हलकेपणा येतो, येथे वायूने.) जोशी आणि शर्मा यांनी असे मानले, की उंच नळकांड्यात अशी चक्रे एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येकाची उंची नळकांड्याच्या व्यासाइतकी असते. मग आत आलेली ऊर्जा वजा बुडबुड्यांमागे खर्च झालेली ऊर्जा, हा साधा जमाखर्च मांडून त्यांनी द्रवाच्या फिरण्याचा वेग काढला.

या जमाखर्चातून निघालेला निष्कर्ष असा, की वायूचा वेग तोच ठेवला तर द्रवाचा वेग व्यासाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. मघाच्या उदाहरणात व्यास वीसपट झाला होता. वीसचे घनमूळ सुमारे २.७. म्हणजे मोठ्या पात्रात द्रव पावणेतीनपट वेगाने फिरेल. पात्रातला द्रव वरखाली किती मिसळतो हे वेग आणि व्यास यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, म्हणून ते मिसळणे पन्नासपटींहून अधिक वाढते. प्रयोगशाळेतल्या बारीक नळीत द्रव तळापासून वरपर्यंत जवळजवळ रांगेने जातो. कारखान्यातल्या पात्रात तोच द्रव वरखाली इतका घुसळला जातो, की आत आलेला ताजा माल क्षणात तयार मालात मिसळतो. काही अभिक्रियांना हे पोषक असते. काहींत तयार झालेला माल पुन्हा हवेच्या तावडीत सापडून जळतो आणि त्याचा कचरा होतो.

अशा वेळी कचरा टाळण्यासाठी कारखानदार अभिक्रिया थोडीच पुढे नेतात आणि उरलेला कच्चा माल पुनःपुन्हा फिरवतात. त्यामुळे संयंत्रात ज्वालाग्राही द्रवाचा प्रचंड साठा कायम फिरत राहतो. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. तेथे सायक्लोहेक्झेनमध्ये हवा फुंकण्याची प्रक्रिया होती. रांगेतल्या सहा पात्रांपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून ते काढून तात्पुरता नळ बसविण्यात आला होता आणि तो नळ फुटला. हे तात्कालिक कारण. पण एका फेरीत जेमतेम सहा टक्के द्रवाचे रूपांतर होत होते, म्हणून बाहेर पडायला एवढा साठा तेथे होता, याकडे सुरक्षातज्ज्ञांनी नंतर लक्ष वेधले. बुडबुड्यांच्या गणिताचा माणसांच्या जिवाशी संबंध येतो तो असा, आडवाटेने.

माटुंग्याच्या प्रारूपावर पुढे वादही झाला. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात किरणोत्सर्गी कण द्रवात सोडून त्याचा माग काढण्याचे तंत्र १९९० च्या सुमारास विकसित झाले. त्या मोजमापांत, बराच काळ सरासरी घेतली असता, उंच नळकांड्यात एकावर एक चक्रे न दिसता एकच लांबलचक चक्र दिसले. क्षणोक्षणीचे चित्र तर याहून गोंधळाचे असते. मग १९७९ ची मांडणी चुकली असे म्हणायचे काय? चित्रापुरते, काही अंशी, होय. परंतु ऊर्जेच्या जमाखर्चातून निघालेला घनमुळाचा नियम आराखडा करणाऱ्याला उपयोगी पडत राहिला. प्रारूप हे वस्तूचे छायाचित्र नसते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून हवे आहे, त्यावर त्याची योग्यता ठरते. या विषयातील मंडळींना हे उमजलेले असते. बाहेरच्यांना, विशेषतः चौकशी समित्यांना, ते समजावणे कठीण जाते.

लेसर आणि संगणक

ऐंशीच्या दशकात संगणकाने या क्षेत्राचे रूप पालटले. द्रवाच्या हालचालीची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती, ती सोडवता येत नव्हती. आता पात्राचे हजारो काल्पनिक घनांत तुकडे करून प्रत्येक घनासाठी ती समीकरणे संगणकाकडून सोडवून घेता येऊ लागली. या शास्त्राला संगणकीय प्रवाहगतिकी म्हणतात. विमानाच्या पंखासाठी ते आधीपासून वापरात होते. रासायनिक पात्र मात्र पंखाहून अवघड, कारण येथे रवी फिरते, बुडबुडे असतात आणि मधूनच घन कणही.

जोशी यांच्या गटाने या काळात दोन कामे जोडीने केली. एकीकडे संगणकावर प्रवाह सोडविणे, दुसरीकडे लेसरच्या साहाय्याने प्रत्यक्ष पात्रातला वेग मोजणे. लेसरचे दोन किरण द्रवात एका बिंदूपाशी एकत्र आणतात. त्या बिंदूतून जाणाऱ्या सूक्ष्म कणांवरून परावर्तित प्रकाशाच्या कंपनांतला बदल मोजला, की तेथला वेग कळतो आणि द्रवात काहीही बुडवावे लागत नाही. रवीभोवतीच्या प्रवाहावरचे जोशी आणि त्यांचे विद्यार्थी विवेक रानडे यांचे १९८९-९० चे निबंध या जोडकामाचे उदाहरण होत. रानडे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले आणि २००२ मध्ये त्यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शर्मा आणि जोशी यांच्यासह १९८२ मध्ये ढवळपात्रांवर दीर्घ समीक्षालेख लिहिणारे अनिरुद्ध पंडित पुढे माटुंग्याच्या संस्थेचे कुलगुरू झाले.

मोजमापावरचा हा भर आज अधिकच महत्त्वाचा वाटतो. आता प्रवाहाची समीकरणे सोडविणाऱ्या आज्ञावली विकत मिळतात. लाल-निळ्या रंगांत नटलेली चित्रे अर्ध्या दिवसात पडद्यावर येतात आणि बैठकीत दाखविली की सगळे माना डोलावतात. परंतु बुडबुड्यावर द्रवाचा किती विरोध होतो, तो बाजूला कसा ढकलला जातो, त्याच्या गर्दीत हे आकडे कसे बदलतात, हे गृहीतक कोणीतरी आत भरलेले असते. गृहीतक बदलले की चित्र बदलते, रंग मात्र तेवढेच मोहक राहतात. जोशी यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला बबल कॉलमच्या संगणकीय आराखड्यावरील प्रदीर्घ लेख या विषयाच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो.

पुरस्कारांची यादी थोडक्यात सांगून टाकू. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९९१ मध्ये, पद्मभूषण २०१४ मध्ये. १९९९ ते २००९ या काळात ते संस्थेचे संचालक होते. याच काळात संस्थेचे नाव २००२ मध्ये बदलले आणि २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली संस्था अशा रीतीने स्वतंत्र विद्यापीठ झाली. जुने विद्यार्थी मात्र अजूनही यूडीसीटीच म्हणतात.

न लिहिलेला इतिहास

प्राध्यापकाची कारकीर्द मोजायची कशी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. निबंध किती, त्यांचे दाखले किती जणांनी दिले, किती विद्यार्थ्यांना डॉक्टरेट मिळाली, हे मोजता येते. परंतु प्रक्रिया अभियांत्रिकीत खरे फलित अनेकदा कागदावर येतच नाही. एखाद्या कारखान्यातल्या पात्रात रवी बदलली, वायू सोडणाऱ्या नळीची भोके हलवली आणि उत्पादन वाढले किंवा टळू शकणारा अपघात टळला, तर त्याची नोंद गोपनीयतेच्या करारात बंद राहते. न झालेल्या स्फोटाची बातमी होत नाही. माटुंग्यातल्या प्राध्यापकांनी सल्लागार म्हणून कारखान्यांत घालविलेल्या वर्षांचा इतिहास म्हणूनच कोणी लिहू शकेल असे वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. असे सल्ले परवडतात ते मोठ्या उद्योगांना. महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत, डोंबिवली, तारापूर, लोटे, महाड येथे, शेकडो लहान घटक आहेत. त्यांच्याकडे मागणीप्रमाणे माल बदलतो, आज एक रसायन, पुढच्या महिन्यात दुसरे, आणि पात्र तेच. प्रत्येक नव्या अभिक्रियेसाठी उष्णतेचा हिशेब व्हायला हवा. तो करणारा माणूस तेथे बहुधा नसतो. अनुभवी पर्यवेक्षकाचा हात आणि जॅकेटवरचा तापमापक यांवर काम भागवले जाते. विशेष म्हणजे यासाठी महागडा संगणक लागत नाही. घनफळ आणि क्षेत्रफळाचा मघाचा हिशेब एका कागदावर मावतो. तो कागद परवान्याच्या अटींत का नसावा, हा प्रश्न विद्यापीठापेक्षा कारखाना निरीक्षकांच्या यंत्रणेला विचारायला हवा.

अणुभट्टीपासून स्वयंपाकघरापर्यंत

संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर जोशी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेत अध्यासन प्राध्यापक झाले. अणुऊर्जा क्षेत्राशी त्यांचा संबंध येथे अधिक घट्ट झाला. फुकुशिमात मार्च २०११ मध्ये त्सुनामीने वीजपुरवठा कोसळला, पंप थांबले आणि अणुभट्ट्यांची उरलेली उष्णता बाहेर काढता आली नाही. पंपाशिवाय, केवळ गरम पाणी वर आणि गार पाणी खाली या निसर्गनियमाने भट्टी थंड ठेवता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर जगभर ऐरणीवर आला. भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या प्रगत जड पाण्याच्या भट्टीच्या आराखड्यात ही कल्पना आधीपासूनच होती. तीत भट्टीच्या वर हजारो घनमीटर पाण्याचा तलाव असावा आणि त्यात बुडविलेल्या नळ्यांतून उष्णता तलावात जावी, अशी योजना आहे.

अडचण अशी, की तलाव हा नीट ढवळलेला रिअॅक्टर नव्हे. नळ्यांलगत तापलेले पाणी वर जाते आणि तेथेच थर करून बसते. न्हाणीघरातल्या गिझरमध्ये वरचे पाणी कढत आणि तळाचे गार असते, तसेच. मग तलावाचा वरचा थर उकळू लागतो, खालचे टनावारी गार पाणी नुसतेच पडून राहते आणि कागदावर दिसणारी थंडावा देण्याची क्षमता प्रत्यक्षात हाती येत नाही. जोशी आणि भाभा केंद्रातील त्यांचे सहकारी यांनी या थरांचे गणित मांडले आणि नळ्यांभोवती आवरणे उभी करून पाण्याला खालून वर अशी वाट दिली तर थर कितपत मोडतात, याचा अभ्यास केला. १९७९ मध्ये नळकांड्यातल्या चक्रांचा विचार ज्याने केला त्याला हा प्रश्न ओळखीचाच वाटला असणार. तेथे बुडबुडे द्रव फिरवत होते, येथे उष्णता फिरवणार होती.

याच गटाचे २०१२ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झालेले संशोधन मात्र पाहताक्षणी वाचक दचकेल असे आहे. विषय आहे, स्वयंपाकाची भांडी. भात आणि डाळ शिजायला प्रत्यक्षात किती उष्णता लागते आणि आपण शेगडीवर किती जाळतो, यांत मोठे अंतर आहे. ज्वाळा भांड्याच्या कडेने वर निघून जाते, उघड्या भिंती खोलीला तापवतात आणि उकळी आल्यावरही आच मोठीच राहिली तर ती नुसती वाफ करण्यात जाते. तांदूळ शिजायला उकळीचे तापमान पुरते, जोराची उकळी लागत नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच झाला: किती उष्णता आत येते, कोणत्या भिंतीतून बाहेर जाते आणि आतला द्रव कसा फिरतो. प्रयोग, संगणकीय प्रवाहगतिकी आणि अन्न शिजण्याचा वेग व शिजलेल्या अन्नाचा दर्जा अशा क्रमाने हे तीन निबंध जातात. रासायनिक अभियांत्रिकीच्या प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात, खनिज तेलाच्या आणि बहुवारिकांच्या लेखांशेजारी, ते छापले गेले.

मराठी विज्ञान परिषदेच्या कामातही जोशी यांनी अनेक वर्षे जबाबदारीची पदे सांभाळली. विज्ञान मराठीतून सांगण्याच्या या चळवळीची एक जुनी तक्रार अशी, की खगोलशास्त्राला श्रोते मिळतात, आरोग्याला मिळतात, अभियांत्रिकीला मिळत नाहीत. तारे सर्वांना दिसतात, रिअॅक्टरच्या आत कोणी डोकावत नाही. यावर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या रासायनिक अभियंत्यांपैकी पुष्कळ जण बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत किंवा वित्तसंस्थांत जातील. तेथेही प्रारूपेच तयार करायची असतात आणि पगार अधिक असतो. जे थोडे तारापूरच्या किंवा लोट्याच्या पाळीवर रुजू होतील, त्यांच्यासमोर पहिल्याच आठवड्यात जॅकेट असलेले एखादे पात्र, कालच बदललेला माल आणि तापमापकाचा एक काटा असेल.